सगळ्यांना सारखं शिकवणं म्हणजे न्याय नव्हे

खडूफळा
परवा आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर एका सरांनी लिहिलं, "ज्यांना जमत नाही त्यांना विशेष शाळेत पाठवा. सामान्य वर्गात बसवून त्यांचंही नुकसान आणि बाकीच्यांचंही." खाली अंगठ्यांची रांग लागली. मला ते सहन होईना, म्हणून इथं लिहितोय.

करवीर तालुक्यात २३ वर्षं पहिली ते चौथी शिकवतोय. माझ्याकडं कानाला यंत्र लावणारा एक मुलगा होता. त्याला पहिल्या बाकावर बसवलं आणि माझं काम झालं असं वर्षभर समजत राहिलो. बाक नेमका पंख्याखाली. यंत्र पंख्याची घरघरही मोठी करतं, हे मला त्याच्या आईनं सांगितलं. शिवाय मी फळ्याकडं तोंड करून बोलायचो, त्यामुळं त्याला माझे ओठच दिसायचे नाहीत. मग बाक हलवला आणि लिहून झाल्यावर वळून बोलायला लागलो. सहामाहीला तो पोरगा हात वर करून उत्तरं देत होता. नुकसान कुणाचं झालं?

एक मुलगी घ-ध आणि भ-म यांत अडकायची, पण चिंचोके दिले की वजाबाकी चटचट करायची. ऊसतोडीच्या फडावरची मुलं दिवाळीनंतर येतात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला की जातात. त्यांची गरज आणखी निराळी. एक पुस्तक, एक वेग, एकच परीक्षा ही सोय आपली आहे, पोरांची नव्हे. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, पोराला शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड ठेवला. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून पोरं एकत्र बसवली. त्याच कोल्हापुरात आपण 'वेगळे काढा' म्हणायचं?

कागलकर
सर, मीही शिक्षकच आहे. त्या पोस्टला अंगठा देणाऱ्यांत मीही होतो, लपवत नाही. ६० पर्यंत पट असला की शिक्षक दोनच. म्हणजे मी एकटा दोन वर्ग घेऊन बसतो. त्यात मतदारयादीचं काम, खिचडीचा हिशेब, रोज नवीन माहिती भरा. माझ्याकडं एक पोरगं आहे, घंटा वाजली की कान दाबून पळत सुटतं. त्याच्या मागं पळू की पहिलीला बाराखडी देऊ? फिरते विशेष शिक्षक येतात, सही करतात, जातात. सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये प्राथमिकला विशेष गरजेच्या १० मुलांमागं १ विशेष शिक्षक सांगितला. आमच्या केंद्रात तो कुठाय, दाखवा की!

सोनूची आई
खडूफळा सर, राग मानू नका. तुमच्यासारखं बोलणाऱ्यांच्या नादानं माझ्या पोराची चार वर्षं गेली. ऑटिझम आहे त्याला. 'सगळ्यांबरोबर बसू दे, शिकेल' म्हणून जवळच्या शाळेत घातला. मागच्या बाकावर ठोकळे देऊन बसवलेला असायचा. डबासुद्धा कुणी उघडून द्यायचं नाही. विशेष शाळेत घातल्यावर आठ महिन्यांत त्यानं पाणी मागितलं. तोंडानं.

आणि महाराजांचं म्हणाल, तर जातीमुळं बाहेर बसवणं वेगळं आणि पोराला लागतं ते वेगळं देणं वेगळं. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग हे महाराजांचं वसतिगृह १९०१ चं. पुढं जातीजातींची बोर्डिंगं निघाली, कारण त्या पोरांना राहायची जागा हवी होती. वेगळं काढलेलं नेहमी वाईटच असतं असं नाही ओ.

उद्यमनगर
सगळे गरजांवरच बोलताय, मग अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवर मिळणाऱ्या दहावीच्या सवलतीवरही बोला. तासाला २० मिनिटं जादा. तीन तासांच्या पेपरला चक्क एक तास! माझ्या पोरीचं हवं ते कॉलेज तीन मार्कांनी हुकलं. आमच्याच गल्लीतल्या एका पोराला सर्टिफिकेटवर वेळ मिळाला. तो क्रिकेट खेळतो, मोबाईल चालवतो. काय झालंय त्याला?

डावी वेलांटी
क्रिकेट खेळतो म्हणून वाचता येतं? मला वाचनाचा त्रास आहे. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात माझ्यासारखी माणसं नव्हतीच, २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार झाले तेव्हा आम्ही आलो. तोवर मी 'आळशी' म्हणून पट्ट्या खाल्ल्यात. प्रश्न वाचण्यातच माझा अर्धा वेळ जायचा. तो तास मिळाला असता तर मी इतिहासात नापास झाले नसते. इतिहास मला सगळा तोंडपाठ होता.

उद्यमनगर
तुमचं खरं असेल, ताई. पण पैसे टाकून सर्टिफिकेट काढणारे आहेत, सगळ्यांना म्हाईत आहे.

सोनूची आई
मला तर नाही माहीत! सरकारी दवाखान्यात मी किती दिवस उभी होते ते विचारा. आज डॉक्टर नाहीत, उद्या शिक्का नाही. पोरगं गर्दीत ओरडायचं आणि लोक माझ्याकडं बघायचे. सर्टिफिकेटवर ४० टक्के अपंगत्व लिहून घ्यायला माझी किती मजुरी बुडाली! ज्याच्याबद्दल पक्कं माहीत आहे त्याची तक्रार करा. आमच्या नावानं सरसकट बोलू नका.

कागलकर
दहावीवरच गाडी अडकली. मी पहिलीचं विचारलं होतं.

उद्यमनगर
बरं, सरसकट बोललो ते चुकलं. पोरीचं दुःख आहे म्हणून बोललो. पण तपासणी कडक पाहिजे, यावरून हलणार नाही.

डावी वेलांटी
कडक करा की. आम्हालाही तेच हवंय. खोट्यांमुळं आमच्याकडं संशयानं बघतात.

खडूफळा
सोनूची आई, बोर्डिंगचा मुद्दा मान्य करावा लागतोय. मनापासून नाही, पण खोडता येत नाही. नुसतं शेजारी बसवणं म्हणजे सामावून घेणं नव्हे, हे मी आधीच लिहायला हवं होतं. पण वेगळी शाळा गावोगाव नाही. राधानगरीच्या वाडीवरचं पोर रोज कोल्हापुरात कसं येणार? त्याला मीच आहे, नाहीतर कागलकर आहेत.

कागलकर, तुमच्याशी भांडण नाही. माणूस मागायचाच, मिळेपर्यंत मागायचा. तोवर घंटेआधी त्या पोराला खूण करून बघा, किंवा घंटा त्याच्याच हातात द्या. आवाज कधी येणार हे कळलं तर भीती कमी होते. माझ्याकडं एकाला उपयोग झाला.

कागलकर
घंटा देऊन बघतो. पण दोन वर्गांचं काय, ते तुम्ही सांगितलं नाहीत.

खडूफळा
उत्तर नाही माझ्याकडं. ताई, सोनूच्या शाळेत दिवसाचं काम चित्रांनी लावतात म्हणे. कसं?

सोनूची आई
भिंतीवर, पोराच्या डोळ्यांच्या उंचीला. प्रार्थना, डबा, चित्रकला, घर. काम झालं की ते चित्र पोरानंच काढून खालच्या डब्यात टाकायचं. एका वेळी चारच लावा, जास्त लावली तर गोंधळतात. उद्या सोनूला सोडायला गेले की फोटो काढून टाकते.