मौलाना आझाद : राजकारणात आल्यावर मौलानापण सुटलं का?

सातवीची_आई :
मुलगी सातवीत आहे. ११ नोव्हेंबरला शाळेत राष्ट्रीय शिक्षण दिन, तिच्या वाट्याला मौलाना आझादांवर चार मिनिटांचं भाषण आलंय. शोधलं तर सगळीकडे तेच : मक्केत जन्म, कैरोच्या अल-अझहरमध्ये शिक्षण, पहिले शिक्षणमंत्री, भारतरत्न. ती पाठ करून म्हणेलही. पण मलाच प्रश्न पडला. धर्माचं एवढं शिकलेला माणूस राजकारणात आला कसा? आणि आल्यावर ते शिक्षण सुटलं की राहिलं? आम्ही नगरचे, त्यामुळे ते कैदेत होते तो आमचा किल्ला भाषणात हवाच.

उर्दूचे_मास्तर :
ताई, आधी अल-अझहर खोडा. आझाद तिथे शिकले नाहीत. गांधीजींचे सचिव महादेव देसाईंनी त्यांच्या चरित्रात तसं लिहिलं, पुढच्यांनी उतरवून घेतलं. आझादांनी स्वतः 'इंडिया विन्स फ्रीडम'मध्ये हा गैरसमज दूर केलाय, तरी तो मरत नाही. ते शिकले कलकत्त्यात, घरी. वडील मौलाना खैरुद्दीन तिथले मोठे पीर. इंग्रजी शिक्षणावर त्यांचा भरवसा नव्हता आणि कलकत्त्याच्या मदरशाबद्दलही फारसं बरं मत नव्हतं. म्हणून घरीच अरबी, फारसी, तर्कशास्त्र, फिकह म्हणजे इस्लामी कायदेशास्त्र. जो अभ्यासक्रम संपवायला इतरांना विशी-पंचविशी उजाडते, तो पोराने सोळाव्या वर्षी उरकला.

आणि मग त्याचा विश्वासच डळमळला. अलीगढचे सुधारक सर सय्यद अहमद खानांचं लिखाण वाचलं, आपण जे मानतो ते केवळ घरातून आलंय म्हणून मानतो का, हा भुंगा लागला. मूळ नाव मोहिउद्दीन अहमद. 'आझाद' हे टोपणनाव त्या काळातलं. लोकांना वाटतं इंग्रजांपासून आझाद. तसं नाही, वारशाने आलेल्या समजुतींपासून आझाद. हे भाषणात घ्याच.

राजकारण पुढे आलं. बंगालच्या फाळणीनंतर क्रांतिकारकांशी ओळखी झाल्या, १९१२ मध्ये 'अल-हिलाल' साप्ताहिक निघालं. दोन वर्षांत आठवड्याला २६ हजार प्रती, असं ते सांगतात. सरकारने दोन हजारांचा जामीन मागितला, तो जप्त केला, मग दहा हजार मागितले, तेही गेले. १९१६ मध्ये बंगालमधून हद्दपारी, रांचीत स्थानबद्धता. सुटका थेट १९२० उजाडताना. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर रांचीतच आहे. कुराणाचा उर्दू अनुवाद आणि भाष्य हे त्यांचं मोठं काम. अटकेच्या वेळी पोलिसांनी हस्तलिखितं नेली, पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसले. ते अखेरपर्यंत पुरं झालं नाहीच.

कोकणकडा :
मास्तर, सगळं मान्य. पण हेही सांगा की ज्यांचे ते मौलाना, त्यातल्या बऱ्याच जणांनी त्यांचं ऐकलं नाही. मार्च १९४० मध्ये रामगढला काँग्रेस अध्यक्ष म्हणून ते अखंड राष्ट्रीयत्वाचं बोलले, त्याच महिन्यात मुस्लिम लीगने लाहोरला मुसलमानांच्या वेगळ्या राज्यांचा ठराव केला. जिनांनी तर तारेत त्यांना काँग्रेसचा 'शो-बॉय', म्हणजे नुसता दाखवायला ठेवलेला मुसलमान म्हटलं.

उर्दूचे_मास्तर :
म्हटलं खरं, आणि ते त्यांना लागलंही असणार. पण २३ ऑक्टोबर १९४७ चं जामा मशिदीतलं भाषण वाचा. दिल्ली जळत होती, समोर पाकिस्तानला जायला गाठोडी बांधून निघालेली माणसं. त्यांना म्हणाले, मी हाक दिली, तुम्ही माझी जीभ छाटली. मी कलम उचललं, तुम्ही माझे हात कलम केले. उर्दूत 'कलम' म्हणजे लेखणी आणि 'कलम करना' म्हणजे छाटणं. अशा वेळीही श्लेष! एवढं सुनावून मग त्यांना थांबवलं. ही भाषा मिंबरवरची, म्हणजे मशिदीतल्या प्रवचनाच्या व्यासपीठावरची आहे, प्रचारसभेतली नव्हे.

आता नगर. ९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत धरपकड झाली आणि नेहरू, पटेल, कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव अशा मंडळींना किल्ल्यात आणलं. अध्यक्ष आझाद. लोक तिथे नेहरूंची खोली विचारतात, कारण 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'. पण आझादांनी त्याच किल्ल्यात 'गुबारे-खातिर' लिहिलं. नवाब हबीबुर्रहमान शेरवानींना लिहिलेली ही पत्रं तेव्हा धाडलीच नाहीत, १९४६ मध्ये पुस्तक निघालं. पहाटे तीन-चारला उठून बिनदुधाचा चिनी चहा करायचा आणि लिहायचं. दूध घालणाऱ्यांना ते चहा पिणारे मानतच नाहीत, तो पातळ हलवा म्हणे. (हे वाचूनही माझा चहा सुटला नाही, दुधासकट.)

मुलीला चिमण्यांचं पत्र वाचून दाखवा. छतात घरटी, खाली काड्यांचा सडा. आधी त्यांच्याशी लढाई, मग हार पत्करून तांदूळ टाकणं, शेवटी त्या तळहातावर बसायला लागल्या. नावं ठेवली. एक मोती, एक कलंदर. आणि छाती काढून अखंड वाद घालणाऱ्या चिमण्याचं नाव? मुल्ला. मौलानांनीच ठेवलंय!

दुसरं पत्र एप्रिल १९४३ चं. पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात अत्यवस्थ. तुरुंगाधिकारी म्हणाला, सरकारला काही कळवायचं असेल तर पोचवतो. आझादांनी नकार दिला. दिनक्रम मोडला नाही, पण अधिकाऱ्याच्या पावलांची चाहूल लागली की छाती धडधडायची आणि चेहऱ्यावर मात्र काही नाही, हा निव्वळ देखावा होता, असं स्वतःच कबूल करतात. ९ एप्रिलला त्या गेल्या. आवारात एक जुनी कबर होती, कुणाची ते ठाऊक नाही. शेकडो वेळा पाहिलेली. त्या संध्याकाळी ते तिच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले. मग एका अरबी शायराने भावासाठी लिहिलेला मर्सिया, म्हणजे शोकगीत, आठवला. घरात पाठ केलेलं, ताई, ते असं शेवटपर्यंत होतं.

सातवीची_आई :
मास्तर, खूप आभार. कबरीचं वाचताना मीच थांबले. लेकीने चिमण्या घेतल्यात. फक्त 'मुल्ला' म्हणताना वर्गात कुणी हसलं तर काय करू, विचारतेय.

उर्दूचे_मास्तर :
हसू दे. ते हसावं म्हणूनच लिहिलंय.