ससूनमध्ये खिचडीवाटप आणि वस्तीत मुलांचा अभ्यास: मंडळीच्या तरुण संघाने सुरुवात कशी करावी?

क्वार्टरगेटकर

सर्वांना सलाम. पुण्याच्या कॅम्पातल्या आमच्या मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) तरुण संघात चौदा जण आहोत, निम्मे कॉलेजात, निम्मे नोकरीला. दोन कामं सुरू करायचं चाललंय. पहिलं, रविवारी संध्याकाळी ससून रुग्णालयात रुग्णांच्या नातेवाइकांना खिचडी, साधारण शंभर माणसांची. दुसरं, ताडीवाला रोडच्या वस्तीत सहावी ते नववीच्या मुलांचा आठवड्यातून दोनदा अभ्यास, आणि प्रत्येक मुलामागे मोठ्या भावंडासारखा एकजण. पास्टोरेट कमिटी (मंडळीचा कारभार बघणारी) महिना पंधरा हजार द्यायला तयार आहे. एकाचा भाऊ ऑस्ट्रेलियातून पैसे पाठवतो म्हणतोय. वस्तीत सगळ्या धर्मांची घरं आहेत, तेव्हा "बाटवायला आले" असा बोभाटा व्हायला नको. परवानग्या, प्रमाण, हिशेब, काय काय बिघडतं, जाणकारांनी सविस्तर सांगावं.

मोठा_टोप

खिचडीपुरतं सांगतो. माणशी कोरडा शिधा १०० ग्रॅम धरा. म्हणजे शंभर जणांना ७ किलो तांदूळ, ३ किलो मूगडाळ, ३ किलो बटाटे, ३ किलो कांदे, १ लिटर तेल, मीठ साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास, पाणी ३० लिटर. मीठ थोडं कमीच पडू द्या, वरून देता येतं. टोमॅटो, ओला नारळ घालू नका, खिचडी लवकर आंबते. सुटी, फडफडीतही करू नका. तासाभरात ती घट्ट होतेच, म्हणून बरोबर तीन-चार लिटर उकळतं पाणी थर्मासात न्या आणि वाढायच्या आधी सारखी करून घ्या.

बिघडतं ते बहुतेक वेळा वाहतुकीत. दुपारी दोनला शिजवून, झाकण घट्ट लावून, सात वाजता वाटली तर पोटं बिघडणार. शिजलेल्या भातात कोमट तापमानाला जंतू झपाट्याने वाढतात, आणि त्यांचं विष परत गरम करूनही जात नाही. त्यामुळे शिजवणं आणि शेवटचं पान यांत चार तासांहून जास्त अंतर नको, आणि तोवर खिचडी ६० अंशांच्या वर राहिली पाहिजे. स्वयंपाकघरातला साधा प्रोब थर्मामीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो, तो टोपाच्या मधोमध घाला, कडेला नाही. प्लास्टिकच्या पिशव्यांत गरम खिचडी भरून गाठ मारणं हा तर सर्रास चालणारा प्रकार आहे, तो साफ बंद ठेवा. द्रोणात वाढा, कचऱ्याच्या दोन मोठ्या गोण्या स्वतः न्या आणि भरून परत आणा. दुसऱ्या वेळी परवानगी नाकारली जाते ती बहुतेक सांडलेल्या द्रोणांमुळेच.

किराणा, गॅस, द्रोण धरून एका खेपेला सोळाशे ते दोन हजार येतात.

परवानगी गेटवरच्या सुरक्षारक्षकाकडे मागू नका. मंडळीच्या लेटरहेडवर वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे अर्ज करा, त्यात दिवस, वेळ, जागा, माणसं किती आणि जबाबदार व्यक्तीचा फोन हे सगळं लिहा. पण त्याआधी समाजसेवा अधीक्षकांच्या खोलीत जाऊन एवढंच विचारा, की कोणत्या वारी कुणीच येत नाही. रविवारी आणि सणावाराला वाटप करणाऱ्यांची रीघ असते, एकाच माणसाच्या हातात तीन-तीन पुड्या. मंगळवारी रात्री तोच माणूस वडापावावर भागवतो. तुमच्या सोयीचा वार आणि त्यांच्या भुकेचा वार जुळेलच असं नाही.

सदाफुली

टोपवाल्यांचं बरोबर आहे, पण माझं मत विचाराल तर ससूनमध्ये खिचडीपेक्षा कागदाची मदत जास्त मोलाची. बाहेरगावाहून आलेल्या माणसाला कुठला कागद कुठे लागतो तेच कळत नाही. चौदांपैकी दोघांनी एवढं शिकून घ्या: महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेसाठी (सरकारची मोफत उपचारांची योजना) रेशनकार्ड आणि ओळखपत्र लागतं, रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचा, कक्ष असतो, हेल्पलाइन १५५३८८. आणि दुसरं, जे फार थोड्यांना ठाऊक असतं: धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ अ अ खालच्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्याच लागतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा योग्य रंगाचं रेशनकार्ड हातात असेल तर माणूस हक्काने मागू शकतो. उत्पन्नाची मर्यादा बदलत असते, ती धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

आता वस्ती. एकेका मुलामागे एकेक मार्गदर्शक हे कागदावर छान दिसतं, पण सहामाहीच्या सुमाराला कोसळतं. कॉलेजवाल्यांच्या परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि एप्रिल-मेमध्ये. त्या काळात दादा सलग तीनदा आला नाही की मूल येणं बंद करतं, आणि परत येत नाही. त्याऐवजी दोघांनी मिळून चार मुलं घ्या. एक नसला तरी दुसरा असतो, आणि मुलांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीनेही एकट्याने एकट्या मुलाला कधीच घेऊन बसू नये. चौदांपैकी दहा जण वस्तीत धरले तर वीस मुलं. त्याहून एकही जास्त नको, कितीही आया येऊन बसल्या तरी. चाळीस घेऊन वीस गळाली तर वस्तीत नाव जातं.

बांधिलकी जून ते मार्च, एका शाळेच्या वर्षाची, लेखी. मधूनच सुरू करत असाल तर मार्चपर्यंतचंच वचन द्या. वेळ सव्वा तास. कोणत्या वेळी, ते वस्तीतल्या अंगणवाडी ताईंना आणि आशाताईंना विचारून ठरवा. नळाला पाणी यायची वेळ टाळा, नाहीतर मुली हंड्याच्या रांगेत आणि मुलगे तुमच्याकडे असं होईल. मुलींना अंधार पडायच्या आत घरी पोचता आलं पाहिजे. जागा समाजमंदिराची किंवा शाळेची, दार उघडं आणि रस्त्यावरून दिसणारी. कुणाच्या खोलीत नाही.

पहिल्या आठवड्यात शिकवूच नका, तपासा. आठवीतल्या मुलालाही दुसरीच्या मराठीच्या पुस्तकातला परिच्छेद मोठ्याने वाचायला द्या आणि हातच्याची एक वजाबाकी, एक भागाकार द्या. ५२ उणे २७ चं उत्तर बरीच मुलं ३५ लिहितात. हा वेंधळेपणा नाही, त्यामागे पक्का नियम असतो: प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करायचा, सातातून दोन पाच, पाचातून दोन तीन. हे मूल बीजगणिताला बसवून काही उपयोग नाही. त्याला दहा-दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी द्या, ५२ रुपयांतून २७ द्यायला सांगा. सात सुटे देता येत नाहीत, नोट मोडावी लागते, हे हाताने झालं की हातचा कळतो. मग पाटीवर तेच. गट इयत्तेप्रमाणे नाही, या तपासणीप्रमाणे पाडा. फक्त नववीतल्या मुलाला सहावीतल्याशेजारी बसवू नका, लाजेने पळतो. त्याला तेच काम वेगळ्या कोपऱ्यात द्या.

शाळा सुटलेलं मूल सापडलं तर आधी वय बघा. ६ ते १४ मध्ये असेल तर शिक्षण हक्क कायद्याने जवळच्या मनपा शाळेत वयानुरूप वर्गात दाखल करावंच लागतं, दाखला नाही म्हणून नाकारता येत नाही. त्याच्या वर असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी, किंवा पात्रता असेल तर औंधच्या आयटीआयची चौकशी.

खाऊ एकच आणि सगळ्यांना सारखा: केळं किंवा शेंगदाण्याची चिक्की. कुणा एकाला बूट, मोबाईल, फीचे पैसे परस्पर देऊ नका. तिसऱ्या दिवशी शेजारची आई दारात.

उघडं_दार

मुलांबरोबर काम म्हटलं की ही पथ्यं आधी, बाकी नंतर.

प्रत्येक स्वयंसेवकाची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या. अर्ज ऑनलाइन होतो. पास्टरसाहेबांच्या मुलाचीही करा, म्हणजे कुणाला वाईट वाटायचं कारण उरत नाही. पालकांची संमती मराठीत आणि गरज असेल तिथे हिंदीत वाचून दाखवून मगच सही किंवा अंगठा. मुलाशी खासगी व्हॉट्सअ‍ॅप नाही. निरोप पालकांच्या ग्रुपवर. चर्चच्या फेसबुक पेजवर चेहरा आणि वस्तीचं नाव एकत्र कधीच नाही.

एखाद्या मुलाने अत्याचाराबद्दल काही सांगितलं, तर ऐका, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, खोदून विचारू नका. पोक्सो कायदा (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा), २०१२ चं कलम १९ सांगतं की माहिती असलेल्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलंच पाहिजे, आणि न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. "आधी कमिटीत ठेवू, प्रार्थना करू, दोन्ही घरांना बसवू" हा रस्ता कायद्यात नाही. आरोपी मंडळीतला असेल तेव्हा तर नाहीच नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक चोवीस तास चालू असतो. मूल रस्त्यावर एकटं सापडलं तरी घरी किंवा चर्चच्या हॉलमध्ये रात्रभर ठेवून घेऊ नका. चोवीस तासांच्या आत १०९८, पोलीस किंवा बालकल्याण समितीला कळवायचं असतं. नोंदणीशिवाय मुलं राहायला ठेवणं हा बाल न्याय कायद्याखाली गुन्हा आहे, हेतू कितीही दयेचा असो.

हिशेबनीस

आधी ऑस्ट्रेलियाचं. भावाकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल, तर ती परकीय देणगी धरली जात नाही. त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) असलं तरी, ती परकीय देणगी. त्यासाठी एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि रक्कम फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात घेता येते. नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेने घेऊन तुम्हाला द्यावी, तर २०२० च्या दुरुस्तीने तेही बंद झालंय. आणि भावाने भावाला पाठवायचे, भावाने पेटीत टाकायचे, ही पळवाट सुचवणारे भेटतील. नको. पंधरा हजारांच्या कामासाठी अख्ख्या ट्रस्टला नोटीस आणू नका.

आता घरातला पैसा. खर्च मंडळीच्या ट्रस्टमधूनच होणार असेल तर ट्रस्टच्या घटनेत शिक्षण, गरिबांना मदत असे उद्देश आहेत का ते बघा. जुन्या मंडळ्यांच्या घटनेत कधी कधी फक्त उपासना आणि इमारत एवढंच असतं. देणगीदाराला प्राप्तिकरात सवलतीसाठी ८०जी ची पावती हवी असेल तर ट्रस्टला ती मान्यता लागते, निव्वळ धार्मिक ट्रस्टला ती मिळत नाही. मान्यता असली तरी दोन हजारांवरच्या रोख देणगीला वजावट नाही.

तरुण संघाच्या खजिनदाराच्या वैयक्तिक यूपीआयवर पैसे घेणं आज बंद करा. ट्रस्टच्या खात्यावर घ्या, दोन सह्या, प्रत्येक खर्चाला व्हाउचर. भाजीवाला बिल देत नाही हे खरं, तिथे व्हाउचरवर वजन, भाव, तारीख आणि खरेदीला गेलेल्या दोघांच्या सह्या चालतात.

बजेट: आठवड्याला एक खिचडी म्हणजे पाच मंगळवारांच्या महिन्यात दहा हजारांपर्यंत. खाऊ, वह्या, भाड्याला पाच उरतात. ते ओढून-ताणून बसतं. मी खिचडी पंधरवड्याला करेन.

क्वार्टरगेटकर

मनापासून आभार. वार मंगळवार धरतो, मुलं वीसच. भावाने नागरिकत्व घेतलंय, तेव्हा तो विषय मिटला. "बाटवायला आले" याबद्दल कुणी बोललं नाही. खिचडी वाढण्याआधी छोटी प्रार्थना करावी असं आमच्यातल्या ज्येष्ठांचं म्हणणं आहे. आणि नाताळात ब्लँकेट वाटावीत असंही.

केडगाव_लोकल

प्रार्थना जरूर करा, निघण्याआधी चर्चमध्ये. टोपासमोर भुकेला माणूस उभा असताना नको. तो मान खाली घालेल, पण ती खिचडीसाठी घातलेली मान असेल.

याच शहरात हा घोळ सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी होऊन गेलाय. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचं शारदा सदन, म्हणजे विधवांची निवासी शाळा, १८९० मध्ये मुंबईहून पुण्यात आलं. संस्थेचं धोरण कुणाच्या धर्मात ढवळाढवळ न करण्याचं होतं. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, काही मुली येऊन बसत. त्या कुणाला बोलवत नव्हत्या आणि अडवतही नव्हत्या. १८९३ मध्ये मुलींना बाटवतात असा गदारोळ उठला, रानडे, भांडारकर ही सल्लागार मंडळी बाजूला झाली आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. बाजू कुणाचीही घ्या; घोटाळा झाला तो जाहीर धोरण आणि रोजचा व्यवहार यांमधल्या धूसर जागेत. तुमची ती जागा धूसर ठेवू नका. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळानंतर केडगावला रमाबाईंचं मुक्ती मिशन उभं राहिलं, तिथे संस्था ख्रिस्ती आहे हे पहिल्यापासून उघड होतं. छापखाना, विणकाम, शेती असं हाताला काम देऊन बायकांना पायावर उभं केलं. पुणे-दौंड लाइनवर आहे, आधी परवानगी घेऊन संघाला दाखवून आणा.

तुमच्यासाठी व्यवहार असा: एका पानावर लिहा की हे काम कोणत्या मंडळीचं आहे, काय मिळेल, बदल्यात काहीही अपेक्षित नाही, अभ्यासाच्या वेळी धार्मिक शिकवण नाही. तो कागद पालकांना, नगरसेवकाच्या ऑफिसात आणि जवळच्या पोलीस चौकीत द्या. ओळख लपवू नका. टी-शर्टवर मंडळीचं नाव असू द्या. लपवलेलं नाव नंतर बाहेर आलं की संशय दुप्पट. वस्तीतल्या मुलांना संडे स्कूलचं (चर्चमधल्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाचं) आमंत्रण मार्गदर्शकाने द्यायचं नाही. घरच्यांनी आपणहून विचारलं तर पास्टरसाहेबांशी गाठ घालून द्या, मुलाच्या मार्फत काही नाही.

ब्लँकेटांचं म्हणाल तर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात स्टेशनच्या आसपास अख्खं शहर ब्लँकेट वाटतं, आणि दोन दिवसांनी ती निम्म्या भावात विकली जातात. वाटायचीच असतील तर नोव्हेंबरच्या मध्यावर, थंडी लागायच्या आधी. त्याहून बरं, ते पैसे मेपर्यंत राखून ठेवा. जूनच्या पहिल्या सरीला पत्र्याची घरं गळतात, तेव्हा १२ बाय १५ फुटांची जाड ताडपत्री आणि दहा मीटर नायलॉन दोरी लागते. दोरी विसरू नका, तिच्याशिवाय ताडपत्री पहिल्याच वाऱ्याला शेजारच्या पत्र्यावर जाते. घरं कोणती गळतात ते आशाताईंकडे यादीसकट असतं.