मदत हवी आहे: आईची स्टोमा बॅग, सोलापूरचं ऊन आणि साडी

नमस्कार. आईला इलिओस्टॉमी झाली आहे, म्हणजे लहान आतड्याचं तोंड (स्टोमा) पोटावर काढून त्यावर पिशवी लावलीय. आम्ही सोलापूरला राहतो. इथल्या उन्हाळ्यात घामाने प्लेटची (पिशवी कातडीला चिकटवणाऱ्या चकतीची) कड सुटते आणि आतलं पातळ, पाचक रसाचं पाणी कातडीला लागलं की भाजल्यासारखी आग होते. प्लेटचं भोक स्टोमापेक्षा २-३ मिलिमीटरच मोठं कापतो, कातडी साध्या पाण्याने धुऊन कोरडी करतो, पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करतो. तरी दुपारी गळतंच. पेस्ट, रिंग की पट्टा, तुमचं उन्हात कशाने टिकलं?

दुसरं, परकराची नाडी नेमकी प्लेटवर येते. साडी नेसणाऱ्या ताई-मावश्या नाडी वर बांधतात की खाली? सगळे म्हणतात गाऊन घाला. पण आई साडीशिवाय दाराबाहेर पडलेली नाही, तिने ते का सोडावं?

शेंगाचटणी सध्या बंद आहे (दाण्याने अडकू शकतं म्हणून), ओआरएस चालू आहे.

तिला एसटीने पंढरपूरला जायचंय. प्रवासात, दर्शनरांगेत पिशवीचं कसं करता? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा, मी तिला वाचून दाखवणार आहे.