विषय: उन्हाळ्यात पुण्याला मराठी: साउथ एशिया सेंटरकडे काय मागायचं?

नमस्कार मंडळी,
कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना उन्हाळ्यात पुण्यात मराठी शिकायचं असेल तर अमेरिकेतल्या त्यांच्या विद्यापीठाच्या साउथ एशिया सेंटरकडून (दक्षिण आशिया अभ्यासकेंद्राकडून) नेमकी काय मदत मिळते? मुलं घरी बोलतात, वाचता येत नाही. फ्लास फेलोशिप (परकीय भाषा शिकण्यासाठीची अमेरिकी सरकारची शिष्यवृत्ती) मिळेल का?
– एक पालक

---

ताई, नमस्कार.
फ्लासचं आधी सांगतो. पदवीच्या मुलांना ती भाषेच्या फक्त मधल्या किंवा वरच्या पातळीसाठी असते, शिवाय अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. 1958 च्या कायद्यातून आलेल्या या योजनेचा पैसा 2025 मध्ये सरकारने थांबवला. त्यामुळे सेंटरला पहिला प्रश्न हाच विचारा: यंदा फ्लास आहे का, नसेल तर तुमचं स्वतःचं प्रवास-अनुदान किती?

पातळी ठरते प्लेसमेंट टेस्टवर, आणि आपली मुलं अडतात ती तिथेच. बोलतात फाडफाड, लिहायला बसवलं की ‘शाळात’, ‘पाणीत’. सामान्यरूप कानाला माहीत असतं, हाताला नाही. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र आणि ‘सूर्या’वरचा रफार यांत गोंधळ होतो. मराठी वळणाचे ल आणि श हिंदी फाँटमध्ये वेगळे दिसतात, तेही दाखवून ठेवा. बालभारतीची पहिली ते चौथीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात. रोज अर्धा तास, त्यातला निम्मा शुद्धलेखनाला. टायपिंग नको, वहीच हवी.

पुण्यातला वर्ग अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचा. अर्ज बराच आधी भरावा लागतो, मार्चमध्ये जाग आली तर गेलं वर्ष. निघण्यापूर्वी क्रेडिट किती धरणार हे विभागाकडून लेखी घ्या (सेंटरचा तोंडी होकार रजिस्ट्रार मानत नाही). क्रेडिट नसेल तर फायनान्शियल एड बहुधा लागू होत नाही. पेल ग्रँट (कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना मिळणारी सरकारी मदत) असलेल्या नागरिक मुलांनी गिलमन या परदेशी शिक्षणासाठीच्या शिष्यवृत्तीचाही अर्ज करावा.
– शिक्षण समिती

---

वरच्यात व्हिसाची भर.

ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) असेल तर वर्गासाठी वेगळा व्हिसा नको. पण सेंटरचं अनुदान बहुतेकदा ‘छोटा संशोधन प्रकल्प’ मागतं. मार्च 2021 पासून ओसीआयवाल्यांना संशोधनासाठी विशेष परवानगी लागते. अर्जात ‘रिसर्च’ हा शब्द सहज टाकू नका, खरंच मुलाखती किंवा दप्तरखान्याचं काम असेल तर परवानगी आधी काढा.

ओसीआय नसेल तर प्रवेशपत्र हातात आल्यावर स्टुडंट व्हिसा काढा. व्हिसा 180 दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर पोचल्यापासून 14 दिवसांत एफआरआरओकडे (परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडे) नोंदणी. आणि विशीच्या आतल्या मुलांचा पासपोर्ट नवा झाला असेल तर तो ओसीआयच्या पोर्टलवर चढवलाय ना, हे तिकीट काढायच्या आधी बघा.
– सचिव