एसएलपी डिसमिस झाली म्हणजे सुप्रीम कोर्टाने आम्हाला खोटं ठरवलं का?

प्रश्न
बाबांचा शेताच्या वाटपाचा दावा. तालुक्याला जिंकलो, जिल्ह्याला हरलो, हायकोर्टात दुसरं अपीलही गेलं. मग दिल्लीला सुप्रीम कोर्टात एसएलपी (विशेष अनुमती याचिका). परवा सुनावणी व्हिडिओवर पाहिली. आमचे वकील चार वाक्यं बोलले, न्यायमूर्तींनी फाइलमधलं एक पान काढून विचारलं, आणि "डिसमिस्ड". चुलते गावभर सांगताहेत, "सुप्रीम कोर्टानेच तुला खोटं ठरवलं." बाबा धड जेवत नाहीत. कोर्ट खरंच असं म्हणालंय का?

उत्तर १
ताई, मी ३१ वर्षं दिवाणी वकिली करतो. वडिलांना आधी हे सांगा: नाही, तसं म्हटलेलं नाही.

एसएलपी म्हणजे अपील नव्हे, अपील करू द्या अशी परवानगी मागणं. घटनेच्या कलम १३६ खाली ती द्यायची की नाही हा सर्वस्वी कोर्टाचा अधिकार. परवानगी दिली, 'लीव्ह ग्रँटेड' म्हटलं, की मग त्याचं अपील होतं आणि सविस्तर सुनावणी होते. तुमचं प्रकरण उंबरठ्यावरूनच परतलं. वाटप योग्य की अयोग्य, यावर निकाल झालेलाच नाही. कारणं न देता एसएलपी फेटाळली तर हायकोर्टाच्या निकालावर शिक्कामोर्तब झालं असं धरायचं नाही, हे सुप्रीम कोर्टानेच २००० साली कुन्हयम्मद विरुद्ध केरळ राज्य या निकालात स्पष्ट केलंय.

सुनावणी दोन मिनिटांत आटोपली, हेही मनाला लावून घेऊ नका. न्यायमूर्ती कागद आधी वाचून बसतात. त्यांनी नेमकं पान काढलं, यातच ते दिसतं. आणि साक्षीपुरावा तिथे नव्याने तपासत नाहीत; दुसऱ्या अपिलात हायकोर्टसुद्धा फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न बघतं.

पण खोटी आशा लावणार नाही. हायकोर्टाचा निकाल कायम राहिला. चुलते दरखास्त (निकालाची अंमलबजावणी करून घेण्याचा अर्ज) लावून ताबा मागू शकतात.

उत्तर २
आदेशाची प्रत काढून बघा. त्यात कारणं लिहिली असतील तर त्या कारणांना वजन येतं, घटनेच्या कलम १४१ प्रमाणे ती खालच्या कोर्टांवर बंधनकारक. आणि पुनर्विलोकन अर्जाची, म्हणजे त्याच कोर्टाने आदेश पुन्हा तपासावा अशा अर्जाची, मुदत आदेशापासून ३० दिवस.

प्रश्नकर्ती
प्रत मिळाली. दोनच ओळी आहेत, हस्तक्षेप करायचं कारण दिसत नाही एवढंच. कारणं काही नाहीत. बाबांना वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावली. पुनर्विलोकन करावं का?

उत्तर १
निकालात उघड दिसणारी चूक किंवा पूर्वी प्रयत्न करूनही न मिळालेला कागद असेल तरच. तो अर्ज बहुधा न्यायमूर्तींच्या दालनात, वकिलांचं म्हणणं न ऐकताच निकाली निघतो. असा कागद हाती नसेल तर तो खर्च करू नका. त्यापेक्षा दरखास्तीची नोटीस आली की पहिल्याच तारखेला हजर राहा. मोजणीच्या वेळी वडिलांना बांधावर उभं करा, विहीर आणि वाट कुणाच्या हिश्शात जाते ते तिथेच ठरतं.