कोकणातल्या घरगुती निवासात उतरताना कचऱ्याची जबाबदारी कोणाची?

(ही वाचकांची आपसातली चर्चा आहे. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आणि कंसात ठिकाण आहे.)

आगरकाठ (गुहागर तालुका)

कोकणात घरगुती निवासाच्या खोल्या चालवणारे आणि तिथे उतरणारे पर्यटक यांच्यात सर्वाधिक कुरबुर कशावरून होत असेल, तर ती निघताना मागे राहणाऱ्या कचऱ्यावरून. मीही अशा खोल्या चालवतो, तेव्हा माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. पाहुण्याने खोली झाडू नये, भांडी घासू नयेत, चादरी काढून घड्या घालत बसू नये. त्या कामाचे पैसे भाड्यात आलेले असतात. मात्र ओला कचरा, सुका कचरा आणि डायपर-सॅनिटरी पॅड हे तीन प्रकार त्याने टाकतानाच वेगळे ठेवावेत, आणि ज्या सुक्या कचऱ्याला गावात कोणी वाली नाही, तो स्वतःच्या वाहनाने आला असेल तर शहरात परत न्यावा.

शहरातल्या माणसाने कचरा डब्यात टाकला की पुढचे सगळे कोणीतरी करणार, हे तो गृहीत धरून चालतो, आणि त्याच्या गावी ते बहुतांशी खरेही असते. आमच्या वाडीत पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, खाली उतरावे लागते. घंटागाडी तिथवर येऊच शकत नाही. भाजीची देठे, शहाळ्याची सोडणे, माशांचे काटे यांची आम्हाला काळजी नाही, ते माडाच्या आळ्यात जिरते. काचेच्या बाटल्या, पुठ्ठा, पत्र्याचे डबे भंगारवाला नेतो. वेफर्स-बिस्किटांची चकचकीत पाकिटे, सॉसच्या पुड्या, ओले रुमाल (वेट वाइप्स) आणि डायपर मात्र कोणीच नेत नाही. पूर्वी हे सारे मागच्या परसात जाळले जाई आणि अनेक ठिकाणी आजही जाळले जाते. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई करून ५,००० रुपयांचा, आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपयांचा दंड ठरवला. दंड बाजूला ठेवला, तरी तो धूर शेवटी आमच्याच पडवीत येतो.

खोलीत निघताना काय सापडते, तेही सांगतो. एक काळी पिशवी असते, तिला वर घट्ट गाठ असते, आणि तिच्यात सुरमईचे काटे, उरलेला भात, अर्धवट भरलेली पाण्याची बाटली, पाकिटे आणि बाळाचा डायपर असे सगळे एकत्र असते. टाकणाऱ्याने पिशवी बांधून ठेवली, म्हणजे त्याच्या दृष्टीने त्याने स्वच्छता पाळलेली असते. प्रत्यक्षात ती पिशवी मागीलदारी उघडून, कावळे-कुत्री जमायच्या आत, कोणाला तरी हाताने निवडावी लागते. टाकताना जे वेगळे ठेवायला काही क्षण लागले असते, ते एकदा मिसळल्यावर वेगळे करणे हे अत्यंत किळसवाणे काम होऊन बसते.

पांथस्थ (मुंबई)

आपली अडचण खरी आहे, पण तिचे ओझे आपण चुकीच्या खांद्यावर टाकत आहात असे मला ठामपणे वाटते. भाड्याने खोली देणे हा व्यवसाय आहे, आणि व्यवसायातून निर्माण होणाऱ्या कचऱ्याची विल्हेवाट हा त्या व्यवसायाचा खर्च आहे. मी खोलीचे पूर्ण भाडे देतो, काही ठिकाणी त्यावर साफसफाईचे वेगळे शुल्क देतो, आणि तरीही दाराच्या मागे चिकटवलेल्या कागदावर चादरी काढून ठेवा, भांडी घासा, कचरा कोपऱ्यावर नेऊन टाका, अन्यथा अनामत रकमेतून पैसे कापले जातील, अशी यादी वाचायला मिळते. ही तक्रार जगभर इतकी वाढली, की २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये घरे-खोल्या भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी या संकेतस्थळाला जाहीर करावे लागले, की पाहुण्यांकडून चादरी काढणे, कपडे धुणे, जमीन साफ करणे अशी कामे अपेक्षित नाहीत. दिवे बंद करणे, उरलेले अन्न कचऱ्यात टाकणे आणि दार लावणे एवढे पुरे.

आपण तीन प्रकार वेगळे करायला सांगता. बहुतेक खोल्यांत न्हाणीघरातली झाकण नसलेली एक छोटी बादली एवढाच डबा असतो. तिथे पाहुण्याने काय वेगळे करावे? आणि कचरा परत नेण्याची अपेक्षा तर मला अजिबात मान्य नाही. चिपळूणला रेल्वेने उतरून पुढे एसटीने येणाऱ्या कुटुंबाने वापरलेले डायपर मांडीवर घेऊन मुंबईपर्यंत यायचे काय?

आगरकाठ

अनामत रकमेतून पैसे कापण्याच्या धमक्या मलाही अयोग्य वाटतात, आणि साफसफाईचे शुल्क घेऊन वर कामे सांगणे ही सरळ लबाडी आहे. डब्यांबाबतही आपले म्हणणे मान्य आहे: ज्या यजमानाने वेगळे डबे ठेवलेले नाहीत, त्याला वर्गीकरणाची अपेक्षा करण्याचा अधिकार नाही. एसटीने येणाऱ्यांना मी मूळ मजकुरातच वगळले आहे.

परंतु जबाबदारी केवळ व्यवसायाची आहे, हे म्हणणे नियमांच्या भाषेतही टिकत नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा निर्माण करणाऱ्याची जी व्याख्या केली, तिच्यात आस्थापना आहेत तशाच व्यक्तीही आहेत, आणि विघटनशील, अविघटनशील व घरगुती घातक कचरा वेगळा साठवण्याचे कर्तव्य निर्माण करणाऱ्यावर टाकले. सॅनिटरी कचरा नीट गुंडाळून द्यायचा, हेही त्यातच आले. विल्हेवाटीचा खर्च मी उचलेन, तो माझाच आहे; पण डब्याशी उभ्या असलेल्या माणसाचा हात माझ्या खर्चाने हलत नाही.

तिठा (पुणे)

परत नेण्याच्या सूचनेला माझा विरोध आहे, आणि तो सोयी-गैरसोयीपुरता नाही. गुहागरचा कचरा पुण्यात आणून आपण तो कोणाच्या दारात टाकणार आहोत, याचा विचार या चर्चेत झालेला दिसत नाही. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या उरावर टाकला गेला. तिथल्या विहिरींचे पाणी बिघडले, आणि कचऱ्याच्या गाड्या अडवण्यासाठी ग्रामस्थांना पुन्हा पुन्हा रस्त्यावर उतरावे लागले. एका खेड्यावरचे ओझे शहरमार्गे दुसऱ्या खेड्यावर लोटणे, याला मी उपाय म्हणणार नाही. खरा उपाय हा आहे, की पाकीट गावात येताच कामा नये. पाण्याच्या बाटल्या, सॉसच्या पुड्या, एकदा वापरायचे पेले यांवाचून दोन दिवस सहज निघतात, आणि कोकणात खायला-प्यायला कमी आहे अशी स्थिती निश्चितच नाही.

आगरकाठ

आपला आक्षेप वजनदार आहे, तरीही मी सूचना मागे घेत नाही. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था घरोघरी कचरा गोळा करते, आणि सुका कचरा स्वच्छ, कोरडा व वेगळा दिला तर तिचे सभासद त्यातून विक्रीयोग्य माल निवडतात. सॅनिटरी कचऱ्यावर लाल ठिपका काढून देण्याची मोहीमही त्याच संस्थेने चालवली, ज्यामुळे हाताळणाऱ्याला आत काय आहे ते उघडण्याआधी कळते. माझ्या वाडीत निवडायला, विकायला, तोलायला कोणीच नाही. तोच कचरा दोन ठिकाणी सारखा असला, तरी पुढचे हात दोन्हीकडे सारखे नाहीत. पाकीट येऊच नये हे आपले म्हणणे सर्वोत्तम आहे, आणि आम्ही खोलीत पिण्याच्या पाण्याचा माठ ठेवतो तो त्यासाठीच; पण लहान मुले घेऊन येणाऱ्या कुटुंबाला बिस्किटाचा पुडा आणू नका असे सांगण्याची माझी तयारी नाही.

साळगावकडून (बार्देश, गोवा)

कोकणातली ही चर्चा वाचून मला हेवा वाटला, कारण तिथे निदान यजमान घरात राहतो. आमच्याकडे किनाऱ्यालगतच्या गावांत बंगल्यांचे मालक परराज्यात असतात, एक राखणदार अनेक बंगले सांभाळतो, आणि पाहुणे पहाटे विमानाला निघतात तेव्हा कचऱ्याच्या पिशव्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला ठेवून जातात. सकाळपर्यंत कुत्री आणि गुरे त्या फाडतात. साळगावला २०१६ पासून कचरा प्रक्रिया प्रकल्प चालू आहे, पंचायतीची माणसे ठरल्या दिवशी सुका कचरा नेतात. म्हणजे आमच्याकडे व्यवस्था नाही असे नव्हे, ती वापरायला दारात जबाबदार माणूस नाही. पर्यटकाला शिष्टाचार शिकवण्यापेक्षा मालकाला धरा, असे माझे मत आहे. गोव्यात पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा १९८२ पासून आहे. जो नोंदणी न करता बंगला भाड्याने देतो, तो पंचायतीच्या हिशोबात साधे घर म्हणून राहतो आणि खानावळीइतका कचरा बाहेर टाकतो. पाहुणा दोन रात्रींत निघून जाणार. त्याच्या सवयीवर गावाची स्वच्छता अवलंबून ठेवणे मला भाबडेपणाचे वाटते.

नेकारकाठ (श्टुटगार्ट)

जर्मनीतल्या सुट्टीच्या घरांत अखेरच्या साफसफाईचे शुल्क स्वतंत्रपणे घेतले जाते, आणि तरीही घर ‘केरसुणी फिरवलेले’ सोडावे, भांडी धुतलेली असावीत आणि कचरा वर्गवारीने टाकलेला असावा, ही अपेक्षा सर्रास असते. पांथस्थ यांना यात विसंगती दिसेल. इथे ती फारशी कोणाला जाणवत नाही, कारण शुल्क हे न्हाणीघर घासणे, फरशी पुसणे, चादरी धुणे यांसाठी असते आणि स्वतःचे उष्टे आवरणे त्यात धरलेले नसते.

पण हे मोठेपणाने सांगायचे नाही, कारण इथला पाहुणा शिस्तीने वागतो तो त्याला मार्ग आखून दिलेला असतो म्हणून. एकदा वापरायच्या बाटल्यांवर २५ सेंट अनामत असते, ती दुकानातल्या यंत्रात बाटली घातली की परत मिळते. काच टाकायला रंगानुसार वेगळ्या टाक्या असतात, आणि आवाजाचा त्रास नको म्हणून रविवारी तिथे काच टाकू देत नाहीत. भारतातून आलेले नातेवाईक सुरुवातीला गोंधळतात आणि दोन दिवसांत सरावतात. तेव्हा भारतीय माणसाला वर्गीकरण जमत नाही, हा युक्तिवाद कोणी करू नये. माझा आगरकाठ यांना प्रश्न एवढाच आहे, की हे सगळे आपण पाहुण्याला केव्हा सांगता? खोलीत शिरल्यावर सांगितलेली अट उपदेशासारखी ऐकू येते. तीच खोली ठरवताना, भाड्याच्या आकड्याशेजारी लिहिलेली असेल, तर ज्याला मान्य नाही त्याला दुसरीकडे जाता येते.

वळचण (दापोली तालुका)

आतापर्यंत पाहुणा, मालक, पंचायत आणि शहर यांच्याविषयी लिहिले गेले. ती काळी पिशवी निवडणाऱ्या बाईविषयी आगरकाठ ‘कोणाला तरी’ एवढेच लिहून पुढे गेले आहेत. आमच्या गावातल्या ओळखीच्या अनेक जणी या खोल्यांवर कामाला जातात, म्हणून लिहिते.

पाहुणे सकाळी अकराला निघतात आणि नवे पाहुणे एक-दोनच्या सुमारास दारात उभे असतात. तेवढ्या अवधीत चादरी बदलायच्या, न्हाणीघर धुवायचे, फरशी पुसायची आणि कचरा हटवायचा. मजुरी बहुतेक ठिकाणी खोलीमागे ठरलेली असते. खोली नीट सोडलेली असो की पलंगाखाली कोळंबीची साले पडलेली असोत, तिच्या हातात तेवढेच पैसे पडतात. पांथस्थ म्हणतात की आपण शुल्क दिले. त्या शुल्कातला किती भाग तिच्यापर्यंत पोचतो, हे त्यांनी कधी विचारले आहे का, आणि आगरकाठ यांनी ते कधी सांगितले आहे का? हातमोजे देणारे मालक मी फार थोडे पाहिले आहेत. संडासात टाकलेला ओला रुमाल किंवा पॅड शोषखड्ड्याच्या तोंडाशी अडकला, की पाखाडीच्या वस्तीत मैला उपसणारी गाडी येत नाही, आणि काठी घालून तो मार्ग मोकळा करायला घरच्या कोणाला तरी किंवा हिलाच सांगितले जाते. अशा वेळी जबाबदारी पाहुण्याची की मालकाची, या वादाचा निकाल काहीही लागला तरी हात तिचेच घाण होतात.

पाहुण्यांकडून माझी मागणी छोटी आहे: पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत ठेवा, संडासात काहीही टाकू नका, आणि उष्ट्या ताटलीतले अन्न पाकिटांवर ओतू नका. मालकांकडून मात्र मोठी आहे. हातमोजे द्या, दोन पाहुण्यांमध्ये पुरेसा वेळ ठेवा, आणि जास्त घाण झालेल्या खोलीचे जास्त पैसे द्या.

पांथस्थ

वळचण ताईंच्या तिन्ही गोष्टी मी कोणत्याही अटीशिवाय मान्य करतो. त्या पाळायला कोणाला गाडी लागत नाही की वेगळा डबाही फारसा लागत नाही. परत नेण्यास माझा विरोध कायम आहे. त्याऐवजी यजमानांनी आठवड्याचा सुका कचरा साठवून तालुक्याच्या ठिकाणी पोचवण्याचा खर्च काढावा आणि तो बिलात उघडपणे लिहावा. मी तो आनंदाने देईन, कारण तेव्हा पैसे कशाचे देतो हे मला ठाऊक असेल.

आगरकाठ

वळचण ताई, आपला आरोप बरोबर आहे. खोलीमागची ठरलेली मजुरी ही आमच्या भागातली सर्वसाधारण रीत आहे, आणि तिचा फायदा मालकांना होतो. हातमोजे आणि निघण्या-येण्यातले तीन तासांचे अंतर या दोन गोष्टी मला एकट्याला ठरवता येतात. जादा घाणीचे जादा पैसे द्यायचे तर ते पाहुण्याकडून घ्यायचे की मालकाने सोसायचे, हा प्रश्न उरतो, आणि अनामत रकमेतून कापण्याला मी स्वतःच वर विरोध केला आहे. म्हणून ते मालकानेच सोसावे असे मला वाटते.

नेकारकाठ यांची सूचना मला तत्काळ पटली; कचऱ्याची अट खोली ठरवतानाच कळवली पाहिजे. पांथस्थ यांच्या खर्चाच्या सूचनेत एक अडचण आहे. एका घराचा आठवड्याचा सुका कचरा एका रिक्षाभरही होत नाही, त्यामुळे वाहतूक परवडायला वाडीतल्या सगळ्या खोलीवाल्यांनी एकत्र यावे लागेल, आणि पाकिटे, पुड्या असे सगळे एका जागी साठवायला ग्रामपंचायतीने शेड द्यावी लागेल. शेड कोणाच्या जागेत बांधायची, यावर ग्रामसभेत विषय अडलेला आहे. ज्यांच्या गावात ही जागा मिळाली, त्यांनी ती कशी मिळवली हे इथे सविस्तर लिहावे, अशी माझी विनंती आहे.