मदत हवी आहे: बाहेरचा मॉनिटर जोडला की लॅपटॉपवर गेम रखडतो

नमस्कार मंडळी,

आठवडाभर डोकं खाजवून झालं, आता तुम्हीच सांगा. लॅपटॉप 15.6 इंची फुल एचडी (1920 × 1080), वेगळं 6 जीबीचं ग्राफिक्स कार्ड, 16 जीबी रॅम. स्वतःच्या स्क्रीनवर गेम 75-80 एफपीएसला (सेकंदाला तेवढ्या फ्रेम, म्हणजे चित्रं) मस्त पळतो. नवीन 27 इंची मॉनिटर (2560 × 1440) जोडला की तोच गेम 30 वर येतो. नुसता हळू नाही, अडखळत चालतो. माउस उजवीकडे सरकवला की चित्र जरा थांबून, मग उडी मारून पुढे जातं.

पिक्सेल वाढले की वेग कमी होणार, हे कळतं. फुल एचडीत साधारण 20.7 लाख पिक्सेल, या मॉनिटरवर 36.9 लाख. त्या हिशोबाने 42-45 तरी मिळायला हवेत ना? बरं, गेममध्ये 1920 × 1080 ठेवून पाहिलं, तरी 40 च्या वर जात नाही. म्हणजे पाणी दुसरीकडेच मुरतंय.

ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) पुसून नव्याने टाकला, सेटिंग लो केली, चार्जर कायम लावलेला असतो. मॉनिटर यूएसबी डॉकमधून (एका यूएसबी केबलवर जास्तीचे पोर्ट देणारा डबा) जोडलाय, कारण लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट नेमका पलीकडच्या बाजूला आहे आणि केबल पुरत नाही. 'विंडोज परत टाका' एवढं सोडून काहीही सुचवा!

प्रतिसाद १: विंडोज की + पी दाबून 'सेकंड स्क्रीन ओन्ली' करून बघा. दोन्हीकडे एकच चित्र चालू असेल तर उगाच भार पडतो. शिवाय डिस्प्ले सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा, मॉनिटर कुठल्या ग्राफिक्सला जोडलाय ते तिथे दिसतं. बऱ्याच लॅपटॉपमध्ये पोर्ट प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सकडे असतो. मग मोठं कार्ड फ्रेम बनवतं आणि ती तिकडे कॉपी होऊन बाहेर जाते. त्यात थोडा वेग जातो, पण निम्मा नाही जात.

धागाकर्ता: सेकंड स्क्रीन ओन्ली केलं, दोन-तीन एफपीएस वाढले. एक मात्र दिसलं. टास्क मॅनेजरमध्ये लॅपटॉपच्या स्क्रीनवर खेळताना सीपीयूचा (प्रोसेसरचा) वापर 50 टक्क्यांच्या आसपास असतो, मॉनिटरवर 90.

प्रतिसाद २: सापडला चोर. डॉक लावताना वेगळा ड्रायव्हर टाकावा लागला होता का?

धागाकर्ता: हो, त्याशिवाय मॉनिटर काळाच राहत होता.

प्रतिसाद २: मग तो डॉक ग्राफिक्स कार्डाचा सिग्नल जसाच्या तसा पुढे पाठवत नाही. प्रत्येक फ्रेम सीपीयू दाबून लहान करतो, ती यूएसबीवरून डेटा म्हणून जाते आणि डॉक ती पुन्हा उलगडतो. एक्सेल, ईमेलला चालतं. गेममध्ये सेकंदाला साठ वेळा तेच करायचं म्हणजे गेमच्या वाट्याचा सीपीयू तिथेच संपतो. टाइप-सी पोर्टमधून थेट डिस्प्लेपोर्ट सिग्नल देणारे डॉक वेगळे, त्यांना ड्रायव्हर लागत नाही, पण लॅपटॉपच्या पोर्टला ती सोय हवी. तूर्त टेबल फिरवा, पण एचडीएमआय थेट लावा.

धागाकर्ता: टेबल नाही, लॅपटॉपच फिरवून ठेवला. 😄 1440 ला 46, 1080 ला 72! माउसची उडीही गेली. पण वीस मिनिटांनी पुन्हा 30. आता काय?

प्रतिसाद १: झाकण बंद ठेवून खेळताय का?

धागाकर्ता: हो, जागा वाचते म्हणून.

प्रतिसाद १: उघडा. काही लॅपटॉप कीबोर्डच्या फटींतूनही हवा ओढतात. ती वाट बंद झाली की आत तापतं आणि चिप स्वतःच वेग उतरवते. मागची बाजूही पुस्तकभर उचलून ठेवा.

धागाकर्ता: झाकण उघडं, खाली जाडजूड शब्दकोश. तासभर खेळलो, 44 च्या खाली आला नाही. दोघांचेही आभार. डॉक आता ऑफिसच्या कामाला, आणि मी लांब केबलच्या शोधात.